चिंधी बांधलेला हात

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
लातूर, ता. ७ सप्टेंबर १९८२

ती. अव्वास शि. सा. न. वि. वि.

मी कॉलेजात जी.एस.ला, म्हणजे सगळ्या पोरांच्या पुढारीपणाला, उभा आहे. वर्गावर्गाने आपापला सी.आर. निवडलाय, आता शनिवारी ते सगळे सी.आर. मिळून जी.एस. निवडतील. लातूर जिल्हा झाल्यावरचा पहिला जी.एस., अव्वा! कलेक्टरच्या शेजारी खुर्ची मिळेल. समोर गुरुलिंग आहे, मामला एकेका मताचा आहे.

जीपमधून पाठवतोय तो लोह्याचा नरसिंग, बी.कॉम.चा सी.आर. त्याला हवापालट हवाय. रविवारपर्यंत आपल्या शेतातल्या आखाड्यावर, तुझ्या गोठ्याघरात राहू दे, गावात फिरू देऊ नकोस. सोबतचे दोघे त्याची काळजी घेतील, तू फक्त भाकरी घाल. गुडघे फार दुखतात का? लोभ आहेच, शनिवारपुरता दुप्पट कर.

तुझा नातू,
रेवणसिद्ध

आखाडा, निलंग्याजवळ, ता. ९ सप्टेंबर

चि. रेव्यास शांतम्माचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पाव्हणा पोचला. डोळ्यांवर फडकं, कानातून रगत, उजव्या अंगठ्याचं नख उपटलेलं. तुझ्या पैलवानांनी त्याला दावणीला बांधलं. कडब्यावाचून बैल विकला म्हणून जागा रिकामी व्हती, न्हाईतर पाव्हण्याला कुठं बांधलं असतं? अन् हवापालटाला मुलूख बरा शोधलास. इथं निस्ती हवाच उरलीय, पाणी टँकरचं.

काल त्यांनी सायकलची चेन काढली. पोरगं ओरडाय लागलं तशी मी मुसळ घेऊन गेले. एकाचं मनगट मोडलं. दुसरा जीपकडं पळाला, त्याची एक चप्पल हितंच हाय. मग दावं सोडलं, लुगड्याची चिंधी फाडून त्याचा अंगठा बांधला, भाकरी घातली. ईचारलं, मत कुणाला देणार व्हतास? म्हणला, रेवणसिद्धलाच की अव्वा. गुरुलिंगसंगं निस्ता चहा पिलो, तर मला उचललं.

आरं गाढवा, आपल्याच माणसाचं नख उपटलंस. आधी ईचारायला तोंड नव्हतं का? उद्या त्याला लातूरच्या एस.टी.त बसवते. माझ्या गुडघ्याचं पुसू नको. माया हाय म्हणून शिव्या दिल्या, कमी पडल्या तर कळव.

शांतम्मा

लातूर, दवाखान्यातून, ता. १४ सप्टेंबर

ती. अव्वास शि. सा. न.

डाव्या हाताने लिहितोय. एका मताने पडलो. नरसिंग सभागृहात आला. प्राचार्यांनी हात वर करायला सांगितलं, आणि तुझ्या लुगड्याची चिंधी बांधलेला हात त्याने गुरुलिंगसाठी वर केला. सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी माझ्याच पोरांनी मला वसतिगृहामागे नेलं. त्याला सोडला कुणी, म्हणत चेनने हात मोडला, दोन दात पाडले. म्हातारीने मुसळाने हाणलं हे सांगायची पैलवानांना लाज, आणि मीही तुझं नाव सांगितलं नाही.

तू लिहितेस तो माझाच होता. मग हात तिकडे कसा गेला? अव्वा, चंद्रप्पा काकाला दोन माणसं आणि कुऱ्हाडी देऊन पाठव. लोह्याला जाऊन त्याचे दोन्ही पाय तोडणार, मगच घरी येणार. तोवर मायेत अंतर देऊ नकोस.

रेवणसिद्ध

आखाडा, ता. १७ सप्टेंबर

चि. रेव्यास आशीर्वाद. वि. वि.

चंद्रप्पा येणार न्हाई. कुऱ्हाडी मी आडात टाकल्या. पाणी न्हाई, म्हणून वरनं दिसून राहिल्यात, पर माझ्यादेखत उतरायची हिंमत कुणाची न्हाई. दात गेले ते गेले. भाकरी कुस्करून खा.

हात तिकडं कसा गेला ते ऐक. निलंग्याच्या स्टँडवर एस.टी.त चढताना ते येडं मला ईचारून राहिलं, अव्वा, तरी बी मत रेवणसिद्धलाच देऊ ना, तुमचा नातू हाय. इतका मार खाऊन बी! मी म्हणले, देऊ नको. खुर्ची मिळायच्या आधी नख उपटतोय, मिळाल्यावर काय काय उपटील? तो व्हय म्हणंस्तोवर मी गाडीच्या पायरीवरनं हलले न्हाई. कंडक्टर घंटी मारून थकला.

तवा लोह्याला जाऊ नको. पाय तोडायचे तर हिकडं ये, मत माझं व्हतं. मी आखाड्यावरच हाय. गुडघे दुखतात, पळणार न्हाई.

लोभ हाय तिथंच हाय.

तुझी अव्वा