आईच्या वालाचं मडकं

भिसेगाव, ता. ४-११-१९४३

चि. सहदेवास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. आबा खुशाल नाहीत. आई गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. धान्य रेशनवर, भाजी महाग, म्हणून गावाने नदीकाठची पडीक जागा वाफे पाडून घरोघरी वाटली. आबांच्या नावाने मी एक वाफा घेतला. तिथे आईचे वाल पेरू म्हटल्यावर परवा पहिल्यांदा उठून बसले. माळ्यावर पाहतात तर मडकं रिकामं! दिवाळीला आलास तेव्हा बियाणं उचलून नेलंस ना, गाढवा? राखेत घोळवलेले वाल कोणी खायला ठेवतं का? आबा पुन्हा भिंतीकडे वळले. इथे आता माझं काय उरलंय, मला खोपोलीला न्या, म्हणतात. गेले तर तिथे ते टिकायचे नाहीत, ही भीती मला खाते.

तुझ्यावर चिडलेली,
ताई

खोपोली, ता. ९-११-१९४३

ती. ताईस सहदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

राख मीच धुतली नि तुझ्या भावजयीने बिरडं केलं. झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू? बाजारचे वाल धाडले तर चालतील का? नाहीतर रविवारी येऊन आबांना घेऊनच जातो. इथल्या चाळीत विजेचा दिवा आहे, भिंत तरी नीट दिसेल.

राग सोड, भावाला सोडू नकोस.
सहदेव

भिसेगाव, ता. १२-११-१९४३

चि. सहदेवास आशीर्वाद.

येऊ नकोस. बाजारचे वाल तूच खा. शेजारच्या वाफ्यातली सोनुबाई काल दारात येऊन ओरडली, तुमचं गवत माज्या वांग्यात शिरतंय, झोपायचं तर वाफा सोडा. आबांना असं खपतं का? तिच्याशी भांडत थेट नदीपर्यंत गेले. तिथे तिने कमरेची पुरचुंडी सोडली. मालोजीदादा, ह्ये वहिनीनंच दिलेलं बियाणं हाय, माज्या परसात पिकतंय, घ्या नि पेरा, म्हणाली. आबा बांधावरच बसून रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते रे. मग डोळे पुसले आणि बांध वाकडा घातलास म्हणून पुन्हा तिच्याशीच भांडले.

आता रोज भांडायला जातात. जेवतातही.
ताई

भिसेगाव, ता. २०-३-१९४४

चि. सहदेवास आशीर्वाद.

वाल सुकले, मडकं भरलं. नदीकाठी शेंगा भाजून पोपटी केली त्या दिवशी तू त्यांच्यावर कसा तुटून पडलास ते सगळ्या वाफेवाल्यांनी पाहिलंय, म्हणून आबांनी मडकं पेटीत ठेवून कुलूप लावलंय. किल्ली करगोट्याला. पण कोणी मागितलं तर आईसारखंच मूठभर काढून देतात. तुझी मूठही काढलीय. ती मात्र बिरडं करूनच धाड, असं मला बजावलंय.

डबा परत कर.
ताई