कोवळा गहू तुडवू नका

१२ सप्टेंबर

आले एकदाची! टेम्पोवाल्याने कपाट आत घेताना दाराची चौकट खरवडली आणि वर मलाच ऐकवलं की घरच लहान आहे, त्याला मी काय करू. असू दे लहान. मागे सफरचंदाची झाडं आहेत, कोबीचे दोन वाफे आहेत, ओढ्याकाठी सौना, म्हणजे वाफेने न्हायची खोली आहे, आणि कुंपणापलीकडे गव्हासाठी नांगरलेलं शेजाऱ्यांचं शेत. काल्यूच्या आईवडिलांचं हे घर. निवृत्त झालो की इथे कोंबड्या पाळायच्या, असं आम्हा नवराबायकोचं ठरलेलं होतं. एप्रिलमध्ये काल्यू गेला. मी अजून रडलेले नाही. आमची मारेत फोन करून करून विचारते, आई, तू बरी आहेस ना? बरी आहे. काही वाटतच नाही, तर मुद्दाम कुठून आणू?

२३ सप्टेंबर

शेजारच्या हेल्वीमावशी खोक्यातून कोंबड्या घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र विशीतली. म्हणाल्या, शहरातल्या बायकांना वाटतं अंडी दुकानातच उगवतात! खुराड्याच्या भिंतींना चुना कसा लावायचा आणि आत राख कुठे पसरायची, ते दाखवलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही गं, एकदा रडून घे.

ठिपकेवाली कोंबडी धीट आहे, माझ्या बुटावरच येऊन बसते. आज तिच्याखालचं अंडं उचललं. तळहाताला ऊब लागली. दिवसभरात जाणवलं ते तेवढंच.

२० ऑक्टोबर

पितरांचे दिवस लागले. माझ्या आजीकडे होतं हे सगळं, मी विसरून गेले होते. मावशींनी आठवण करून दिली: सौना तापवायचा, टेबल मांडायचं, गेलेल्यांना नावाने हाक मारून जेवायला बोलवायचं. घरात विणकाम नाही, आवाज नाही. आणि दहा नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणाला, दारात उभं राहून त्यांना निरोप द्यायचा.

सातूची लापशी, रक्ताचं सॉसेज, बिअर मांडली. सासूसासऱ्यांना बोलावलं. मग म्हटलं, काल्यू, ये रे. म्हणताना हसूच आलं. सकाळी ताटं होती तशीच. अन्न टाकायची सवय आमच्या घराण्यात नाही. कोंबड्यांना घातलं.

२७ ऑक्टोबर

रोज मांडते. रोजचं उरलेलं कोंबड्यांना.

सौनातला काल्यूचा टॉवेल आज ओला होता. खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीची उशी दबलेली. भ्यायला हवं होतं. मला बरं वाटलं. कुणाला सांगणार नाही.

कोंबड्या आता कॉक-कॉक करत नाहीत, माती उकरत नाहीत. अंडी मात्र रोज, एवढ्या अंधाराच्या दिवसांतही. मी सकाळी दोन खाते.

२ नोव्हेंबर

ठिपकीच्या खालून काढलेलं अंडं गार होतं. का माझाच हात गार, कळत नाही. चुलीचं झाकण उघड्या हाताने उचललं. तळव्यावर फोड आलेला नंतर दिसला. दुखलं नाही.

६ नोव्हेंबर

कोंबड्या दिवसभर रांगेत उभ्या. रस्त्याकडे तोंड करून.

मावशींनी बघितलं आणि विचारलं, काय घालतेस यांना? सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. अगं बये, पितरांच्या ताटातलं जो खातो तो त्यांच्याच पंगतीतला! ते चुलीत जाळायचं असतं. निरोप दिलास की या कोंबड्याही जाणार. मग हळूच विचारलं, अंडी कोण खातं?

मी.

मग निरोप देतच नाही, म्हटलं. तर म्हणाल्या, न पाठवलेला पाहुणा एकटा परतत नाही. घरात जो सगळ्यांत लहान, त्याला घेऊन जातो.

इथे लहान कोण आहे?

८ नोव्हेंबर

मारेतचा फोन. उद्या येतेय, माझ्या नातीला, लीसूला घेऊन. येऊ नको म्हटलं. म्हणाली, तू अशी बोलतेस ना आई, म्हणूनच येतेय.

टोपलीतली सगळी अंडी उकिरड्यात पुरली.

९ नोव्हेंबर

आल्या. लीसू चार वर्षांची झाली. खिडकीजवळच्या खुर्चीला तिने शहाण्यासारखा नमस्कार केला.

उद्या निरोप देणार. मी जाईन. त्याचं काही वाटत नाही. पोर राहिली पाहिजे, एवढंच.

१० नोव्हेंबर

दुपारीच अंधारलं. लीसू वर झोपलीय. दार उघडून म्हटलं, जेवलात, प्यायलात, आता आपापल्या वाटेने जा. रस्त्याने जा. कोवळा गहू तुडवू नका.

खुर्ची करकरली. गारवा अंगावरून गेला. काल्यूने मागे वळून बघितलं नाही.

मग कोंबड्या. एकीमागे एक, ठिपकी पुढे. रस्त्याने.

पाय दाराकडे वळलेत. टेबलाच्या पायाला कोपराने धरून ठेवलंय. मारेतला कळावं म्हणून लिहिते, घाबरू नको, मी माझ्या —

मारेत स्वयंपाकघरातून हसून सांगतेय. सकाळी लीसूला खुराड्यातल्या पेंढ्यात एक अंडं सापडलं म्हणे. उकडून दिलं. बशीसुद्धा चाटली —

हाक मारतेय. आवाज निघत नाही —

रडू येतंय. आता येतंय —

जिन्यावर पावलं. लहान. बूट हातात. कोट मागत नाही —

मारेत, दार लाव. धर तिला, धर —