तुझी केस त्याच्या नावावर आहे

प्रिय अक्का,

पत्र लिहायला बसलो तर तुझी भावजय म्हणाली, "पत्ता कुठला घालणार?" म्हटलं, पत्ता राहू दे, मला फक्त लिहू दे. काल तुझ्या केसच्या निकालाची नक्कल मी ओंकारच्या हातात ठेवली. वाचूनही दाखवली. त्यातलं एक वाक्य तुझं आहे, म्हणून रात्रभर वाटत राहिलं, तुला न कळवता हे कसं केलं?

आई-बाबा आता तुझ्याजवळच असतील. आईला यातलं काही सांगू नकोस. आणि बाबांना ऐकू येतं का गं तिथे तरी?

आठवतं ना, गिरणीतल्या साचेखात्याच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. रेशनवाला काय म्हणाला, दारावर कोण आलंय, मुकादम काय शिव्या घालतो, सगळं मी त्यांच्या तोंडासमोर उभा राहून, ओठ मोठे करून सांगायचो. त्या बहिऱ्या माणसाचा मुलगा आज लालबागमध्ये साऊंड सर्व्हिस चालवतो! लग्नं, पूजा, गणपती, सगळीकडे माझे बॉक्स असतात. हसलीस ना? हस. पुढे हसण्यासारखं काही नाही.

दिवाळीनंतर एक उंच पोरगा दुकानात आला. लग्नासाठी माईक हवा असेल म्हणून मी रेटकार्ड काढलं. तो म्हणाला, "तुम्ही मंगलचे भाऊ का?" मंगल! तुझ्या सासरी हे नाव कोणी घेत नसे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने त्यांनी सुप्रिया लिहिलं आणि तू त्यांच्यासाठी सुप्रिया झालीस. मी विचारलं, "तू कोण?" म्हणाला, "मी तिचा मुलगा, ओंकार."

अक्का, तुझी हनुवटी आहे त्याला.

तुझं माहेरचं नाव आणि माझं दुकान त्याला गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं. परळला नोकरी करतो, चेंबूरला भाड्याने राहतो. लग्न ठरलंय. होणाऱ्या बायकोने त्याला विचारलं, तुझी आई कशाने गेली? ते विचारायला हा माझ्याकडे आला. चहा आल्यावर म्हणाला, "आत्या म्हणते स्टोव्ह भडकला. गावात म्हणतात तिनेच रॉकेल ओतून घेतलं. मी दीड वर्षाचा होतो. मला बाजूला ठेवून तिने ओतून घेतलं असेल का?"

मी तोंड उघडलं. त्याने हात वर केला. "तुम्ही तिचे भाऊ. तुम्ही सांगाल ते तुमचं, ते सांगतात ते त्यांचं. कोर्टात काय झालं, त्याचा कागद आहे का?"

कागद नव्हता. आपल्या घरात काहीच नव्हतं गं. तुझ्या नवऱ्यावरच्या केसचा निकाल लागला तेव्हा मी सहावीत होतो. बाबा एकटे तारखेला गेले, परत आले आणि उंबऱ्यात बसून एवढंच म्हणाले, "सोडला त्याला." त्या संध्याकाळी आईने लग्नपत्रिका जाळली. फोटोतून त्याला कात्रीने कापून काढला. तुझ्या खांद्यावर त्याची बोटं राहिली, ती कापली तर तू कापली गेली असतीस. मग आईने सांगितलं, या खोलीत त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. आम्ही एवढं काटेकोर पाळलं की नाव विसरूनच गेलो!

ते मला तालुक्याच्या कोर्टात गेल्यावर कळलं.

तुझ्या सासरच्या तालुक्याचं कोर्ट पाहिलं होतंस का? कौलारू, पुढे फणसाचं झाड, झाडाखाली टायपिस्ट. मी खिडकीत तुझं नाव सांगितलं. माहेरचं सांगितलं, सासरचं सांगितलं, कोणत्या साली गेलीस ते सांगितलं. बाबू चांगला होता, पण मान हलवत राहिला.

"मयताच्या नावान केस गावणा नाय हो. रजिस्टर आरोपीच्या नावाचा. आरोपीचा नाव सांगा."

म्हणजे बघ! मेलीस तू, आणि केस त्याच्या नावावर. तुझ्यापर्यंत पोचायचं तर त्याच्या दारातून जायचं.

"त्याला भाई म्हणायचे," मी म्हटलं.

"भाई तर माका पण म्हणतत," बाबू म्हणाला. मागे बसलेले दोघे हसले. मीही हसलो, काय करणार?

बाहेर फणसाखाली येऊन उभा राहिलो. आडनाव माहीत, गाव माहीत, पण त्या गावात ते आडनाव घराघरात आहे. नातं दोन-तीनच वर्षांचं, तेव्हा मी लहान, त्याला दाजी म्हणायचो. कोणाला विचारू? आई नाही, बाबा नाहीत. आणि मग डोक्यात आलं. त्याचं नाव रोज वागवणारा एक माणूस माझ्या ओळखीचा होता.

फोन लावला. "ओंकार, तुझं पूर्ण नाव सांग रे."

तो शाळेत हजेरी देतात तसं म्हणाला. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. विचारलं नाही कशाला. त्याला कळलं होतं.

ते नाव मी स्वतःच्या अक्षरात अर्जावर लिहिलं, अक्का. आईचा शब्द मोडला. इथे मात्र लिहीत नाही.

तालुक्याला केसच्या फक्त पहिल्या तारखा झाल्या होत्या. पुढे ती सेशन्सला गेली, म्हणून जिल्ह्याच्या कोर्टात. तिथे नक्कल विभाग, तिथे पुन्हा अर्ज, प्रतिज्ञापत्र, तुम्ही मयताचे कोण, त्याचा पुरावा. 'नक्कल कशासाठी हवी' असा रकाना होता. वकील म्हणाला, "वैयक्तिक कामासाठी, असं लिहा." मी लिहिलं, 'मयताच्या मुलास दाखवण्यासाठी.' वकिलाने चष्म्यावरून पाहिलं, पण खोडलं नाही.

खेपा झाल्या. एकदा रेकॉर्ड रूम बंद, एकदा साहेब रजेवर. माझे कान तुला माहीत आहेत. खिडकीच्या आत कोणीतरी कुजबुजलं, "चाकरमानी परत इलो बघ." मी बाहेरूनच ओरडलो, "इलंय, आणि ऐकलंय पण!" त्यानंतर मला बसायला खुर्ची मिळू लागली.

शेवटी नक्कल मिळाली, फक्त निकालाची. तुझा जबाब, डॉक्टरांचे कागद, साक्षी, पंचनामा, सगळं मुदत संपल्यावर नष्ट केलेलं. "निकाल तेवढो ठेवतत," तिथला बाबू म्हणाला, आणि शिक्का मारलेली पानं माझ्या हातात देताना खाली बघत राहिला. त्याने आधी वाचली असावीत.

मी एस.टी. स्टँडवर बसून वाचली. आणि अक्का, मला तुझा राग आला.

दवाखान्यात तू सांगितलंस, स्टोव्ह भडकला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्या एका वाक्यावर तो सुटला. का सांगितलंस असं? त्या घरात चूल होती. स्टोव्ह पाहुण्यांच्या चहापुरता निघायचा, हे तूच आईला पत्रात लिहिलं होतंस. त्या दिवशी कोण पाहुणा आला होता गं? शेजारणीने साक्षीत सांगितलं की स्टोव्ह फळीवर होता, पुसलेला. न्यायाधीशांनी तेही लिहिलंय, आणि पुढे लिहिलंय की संशयाला जागा आहे, पण मयताचेच शब्द आरोपीच्या बाजूने आहेत. एका ठिकाणी सहज येऊन जातं की जबाबाच्या वेळी सासू खाटेशेजारी होती, 'मयताचे मूल घेऊन'.

मूल घेऊन! मग मला राग धरता येईना. भाजलेल्या अंगाने तू तिच्या कडेवरच्या पोराकडे बघत बोललीस. दुसरं काय बोलणार होतीस?

पण तू एवढंच बोलली नाहीस. खाली आणखी एक ओळ आहे. ती मी इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली. 'मयताने असेही सांगितले की, तिच्या मुलास लालबाग येथे तिच्या माहेरी पोहोचवावे. सदर बाब प्रस्तुत प्रकरणी विचारात घेण्याची आवश्यकता नाही.'

हे निकालाच्या दिवशी कोर्टात वाचलं गेलं असणार. बाबा तिथे बाकावर बसले होते, हात मांडीवर ठेवून, समोर बघत.

काल ओंकार दुकान बंद करायच्या वेळेला आला. मी शटर अर्धं ओढलं आणि सगळं वाचून दाखवलं. स्टोव्हचं, शेजारणीचं, सासूचं. काही गाळलं नाही, काही माझ्या पदरचं घातलं नाही. ती ओळ आली तेव्हा त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचली. बोटाने वाचली, लहान मुलं वाचतात तशी.

"म्हणजे तिने मला टाकलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही रे."

आणि मग त्याने विचारलं, "मग तुम्ही न्यायला का नाही आलात?"

अक्का, धंद्यात मी कोणाला उत्तर दिल्याशिवाय राहिलेलो नाही. काल माझ्याकडे एकच होतं. म्हटलं, "आजोबांना ऐकू आलं नाही."

त्याने मान डोलावली. रागावला असता तर बरं झालं असतं. कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि शटरखालून वाकून गेला. वाकताना पुन्हा तुझ्यासारखा दिसला.

आज दुपारी त्याचा फोन आला. लग्न दादरच्या हॉलमध्ये आहे. बाप येणार आहे. "त्यांना नको म्हणायला मला अजून जमत नाही," म्हणाला. "पण नवऱ्याच्या पाठीशी मामा लागतो. तुम्ही याल?"

येतो म्हटलं. त्या मांडवात तो माणूस समोर असेल, पाहुण्यांना नमस्कार करत. मी एक शब्द बोलणार नाही, तुझ्या पोराचा दिवस आहे. पण त्याच्याकडे बघेन, आणि तो नजर कुठे ठेवतो ते पाहीन.

तुझ्या पोराला लालबागला पोहोचवायचं होतं, ते आमच्याकडून राहिलं. बोहल्यापर्यंत मी पोहोचवतो. आणि त्यानंतर तो कधीही, काहीही, कितीही हळू बोलला, तरी मला ऐकू येईल. एवढा शब्द देतो.

तुझा,
बारक्या