पेगच्या मालकीबाबत

मी, टिअर्नान मॅकगिन्ली, वय तेवीस, राहणार किलीबेग्ज, बंदरामागच्या चढावरचं तिसरं घर, धंदा मुलांची आणि कुमारांची पुस्तकं लिहिणं, हे मृत्युपत्र माझ्याच हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. आई म्हणते ते कधीच नव्हतं, पण तिचं मत कायद्याला लागू नाही. शनिवारी मी बांगडे धरणाऱ्या बोटीवर उत्तरेला जातोय. जानेवारीचा समुद्र आहे आणि मला पोहता येत नाही, म्हणून ही व्यवस्था.

एक. बँकेतली शिल्लक आणि जुनी गाडी आईला, म्हणजे न्युआला मॅकगिन्ली यांना. मागचं दार आतून उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

दोन. गॉलवेच्या कॉलेजातले माझे प्राध्यापक श्री. लेहान यांना माझी अठराही पुस्तकं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर मी पहिलं पुस्तक लिहीत होतो. सरांनी वही उचलली, चार ओळी वर्गाला वाचून दाखवल्या आणि म्हणाले, "बाळा, नीट लिहायला शिकलास की मोठ्यांसाठी लिही हं." मी उठलो तो परत गेलोच नाही. चार वर्षांत अठरा! शाळाशाळांतून फरशीवर बसलेल्या पोरांपुढे बोललो. पोरं जांभई लपवत नाहीत, त्यामुळे लिहायला तिथंच शिकलो. सरांनी पुस्तकं विकू नयेत. वाचावीत.

तीन. पलंगाखालच्या खोक्यात मुलांची एकेचाळीस पत्रं उत्तराविना आहेत. आईनं सगळ्यांना लिहावं. स्लायगोच्या मुलीला सर्वांत आधी: गोष्टीतला कुत्रा जगतो.

चार. आता पेग. माझ्या नऊ पुस्तकांची नायिका. ती मी डोक्यातून काढली असं सगळीकडे सांगत आलो. खोटं आहे. पाद्रीबाबांच्या सायकलसकट धक्क्यावरून पाण्यात उडी मारली ती ब्रोना कनिंगहॅमनं. बाप घर सोडून गेला तो ब्रोनाचा. आम्ही पंधरा वर्षांचे असताना भिंतीवर बसून तिनं मला हे सगळं सांगितलं. तिला वाटलं मी ऐकतोय. मी मनात टिपून घेत होतो. आज ती बेकरीत काम करते, आणि पोरं काचेला नाक लावून तिला पेग म्हणून हाका मारतात.

तिच्या दहाव्या पुस्तकात पेग मोठी होते आणि एका लेखकाला हो म्हणते. मंगळवारी ते हस्तलिखित मी ब्रोनाच्या हातात ठेवलं. मागणीच घातली म्हणा.

"हो म्हणाली? मला न विचारता?" ब्रोना म्हणाली. "माझं लहानपण विकून खाल्लंस, आता लग्नही परस्पर लावतोयस होय रे?"

बोटीवर जायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

म्हणून पेग, तिचं नाव, नऊ पुस्तकांचे हक्क आणि दहाव्याचं हस्तलिखित, सगळं ब्रोनाला. तिनं छापावं, जाळावं, पेगला बुडवून मारावं. माझ्या हातून थांबणं होत नाही. प्रकाशक मागतील तोवर मी लिहीतच राहणार.

पाच. हे बेकरीतच, सह्यांआधी लिहितो. साक्षीला बेकरीच्या मालकीणबाई मिसेस कॉनाहान तयार आहेत. दुसरा साक्षीदार आलाच नाही. ब्रोनानं पिठाचे हात पुसले, वरचं सगळं उभ्यानं वाचलं आणि म्हणाली, "मी करते सही."

"अगं वेडे," मिसेस कॉनाहान ओरडल्या, "साक्षीदाराला कायद्यानं काही मिळत नाही! सही केलीस की तुझं सगळं गेलं."

"म्हणून तर करतेय, बाई." मग माझ्याकडे वळून, "तुझ्यानं थांबवत नाही म्हणून मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू? थांबायचं तर जिवंतपणी थांब."

तीन गिऱ्हाइकं उभी होती. कुणी पाव मागितला नाही.

सहा. तिच्या सहीनं चौथं कलम बाद होईल, हे समजूनच मी ते तसं ठेवतो. दहावं पुस्तक छापायचं नाही. पेगचं नववं शेवटचं. मी मरो वा जगो, हे आजपासून लागू. प्रकाशकांना उद्या मीच कळवीन; आज फोन केला तर भांडण होईल.

किलीबेग्ज, गुरुवार, ११ जानेवारी २०२४

सही: टिअर्नान मॅकगिन्ली

आम्हा दोघींच्या समोर त्यानं सही केली, मग आम्ही केल्या:

१. डिम्फ्ना कॉनाहान, बेकरीची मालकीण

२. ब्रोना कनिंगहॅम, पाव भाजते. (ही सही साक्षीची आहे. होकाराची नाही.)