होडी हॉलमध्ये टांगायची नाही

मी, रेजिना मिंगेल कोळी, वय एक्क्याऐंशी, जन्म वसईच्या पाचूबंदरातला, हल्ली राहणार मुलाच्या घराचं बेसमेंट, ओकव्हिल, आज राजीखुशीने सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून बघावा. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि मार्कहॅमची शुभदा, जी वकिलाच्या ऑफिसात काम करते, ती लिहून घेते. माझं बोलणं सुधारायचं नाही असं तिला बजावलंय. ती तरीही सुधारते.

याआधी नाताळच्या जेवणावर मी कोणाला काय काय देऊन टाकलं असेल, ते सगळं रद्द समजावं.

कलम १. बँकेत जे शिल्लक असेल ते माझी सून ग्लेन्डा हिला. तेरा विंटर तिने माझ्या दारासमोरचा बर्फ शोव्हल केला आणि एकदाही ऐकवलं नाही. मी तिच्या जागी असते तर रोज ऐकवलं असतं.

कलम २. माझा मुलगा टेरेन्स याला माझी सोन्याची साखळी, वसईच्या घरातला माझा हिस्सा आणि माफी. माफी कशाची, ते कलम चारमध्ये येईल.

कलम ३. हातोडी, पटाशी, डांबराचं भांडं आणि लोकरीचे सगळे गुंडे माझी नात ब्लांच हिला. विळी मात्र ग्लेन्डाला. ब्लांचला तिच्यावर बसता येत नाही.

कलम ४. होडी.

इथे थोडं सविस्तर लिही, शुभदा.

ओकव्हिलमध्ये काही लोक शनिवार-रविवार व्हायकिंग होतात, म्हणजे लोखंडी टोप घातलेले जुन्या काळचे दर्यावर्दी. सोमवारी परत ऑफिसला जातात. त्यांचा मुखिया रॉय, दातांचा रिटायर्ड डॉक्टर. हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर त्यांनी वीस फुटांची होडी बांधायला घेतली, एका फळीवर दुसरी फळी चढवून, लोखंडी खिळे ठोकून. ब्लांच तिथे जायची, म्हणून मीही घडीची खुर्ची घेऊन जाऊ लागले. माझा बापूस होड्या बांधायचा. फळ्यांच्या सांध्यात भरायला कापसाच्या वाती मी वळायचे, सहा वर्षांची असल्यापासून. पण बापूस म्हणायचा, "वात वळ, होडीला हात लावू नको. हे बाप्यांचं काम." तेव्हा मी लांबूनच बघितलं. बघायला कोणाची बंदी नव्हती.

रॉयच्या लोकांनी ओल्या लाकडाच्या फळ्या हीटिंग लावलेल्या बेसमेंटमध्ये वर्षभर वाळवल्या. जेवणाचं टेबल करायचं असतं तर ठीक होतं. मग दात भरतात तसा फटींमध्ये ट्यूबमधला रबरासारखा चीक भरला. पाण्यात सोडायच्या दिवशी मी डाव्या अंगाने हात फिरवला आणि सांगितलं, "तिसऱ्या फळीतून पाणी येईल."

ब्लांचने त्याला इंग्रजीत सांगितलं. रॉय हसला. "मॅम, इट्स अ‍ॅज पर द ड्रॉइंग."

पाण्याने ड्रॉइंग बघितलं नसावं. दहा मिनिटांत सगळे लोखंडी टोप गुडघाभर पाण्यात उभे. मीही हसले, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

रॉय वैतागून म्हणाला, "टेक इट. फायरवुड!" ब्लांचने त्याच जागी त्याच्याकडून ते कागदावर लिहून, सही करून घेतलं. तो कागद या मृत्युपत्राला जोडला आहे.

त्यानंतर दोन विंटर आम्ही दोघी गराजमध्ये. टेरेन्सच्या गाड्या बाहेर बर्फात. एकेक खिळा काढला, चीक खरवडला, प्रत्येक सांध्यात डांबरात भिजवलेली लोकर घातली, पुन्हा खिळे मारले. ब्लांच विचारायची, "ग्रँडमा, हाऊ डू यू नो?" मी म्हणायचे, "बोट फिरव. बोट अडलं की थांब." मग होडी चार दिवस पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, फटी मिटल्या.

गेल्या ऑगस्टमध्ये या व्हायकिंग लोकांच्या मेळ्यात चार होड्या तळ्यात उतरल्या. बाकीच्या तिन्ही होड्यांतले लोक मोजे पिळत परत आले. आमची होडी पलीकडे पाण्यात शिरलेल्या खडकाच्या दांडीपर्यंत जाऊन आली आणि तिच्या तळाला माझी चप्पल कोरडी होती. मी मागे सुकाणूपाशी बसले होते. दोन्ही हातांनी होडी धरून, बघ बापूस.

आता रॉयला ती होडी हवी आहे. माझ्यामागे ती त्याच्या नावावर करावी, म्हणजे तो ती हॉलमध्ये तारांवर टांगेल, खाली दिवे लावेल. आणि टेरेन्सने मला न विचारता हो म्हटलं. माफी ती याची.

टेरेन्स म्हणाला, "आई, पितळेच्या पाटीवर तुझं नाव येईल!"

म्हटलं, "पाटी मला वाचता येत नाही, बाबा. होडी तरंगताना दिसते."

हीटिंगच्या हॉलमध्ये ती एका विंटरमध्ये वाळेल, सांधे उघडतील, आणि मग ती फक्त फळ्यांचा फोटो. म्हणून लिही: होडी ब्लांचची. दर उन्हाळ्यात पाण्यात उतरलीच पाहिजे. सलग दोन उन्हाळे चुकले, तर ज्याला वल्हवायची असेल त्याला द्यावी. देण्याआधी त्याचे तळहात बघावेत.

कलम ५. शुभदाने मला कायदा सांगितला की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून शुभदाला बोंबलाचं लोणचं आजच दिलं. आणि म्हणूनच दुसरा साक्षीदार रॉय. मान दिला असं समजून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आहे.

वरचं सगळं शुभदाने मला मराठीत आणि रॉयला इंग्रजीत वाचून दाखवलं. कलम चारला तो उठून उभा राहिला. कलम पाचला बसला.

"सो आय गेट नथिंग?"

"नथिंग," मी म्हटलं. एवढं इंग्रजी मला येतं.

मग त्याने शुभदाकडे पेन मागितलं, आणि सही करायच्या आधी विचारलं, रविवारी होडी पाण्यात उतरेल तेव्हा तिच्यात एखादी जागा मिळेल का.

त्याला सांग, शुभदा, मिळेल. पाणी उपसायचा डबा घेऊन मधे बसायचं. काम पडणार नाही.

वाचून दाखवलेलं बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा केला.

निशाणी अंगठा: रेजिना मिंगेल कोळी

साक्षीदार:
१. शुभदा (लिहिणारी), मार्कहॅम — सही
२. रॉय, ओकव्हिल — सही

स्थळ: ओकव्हिल, गराज
दिनांक: १४ जून २०२५