तांबडं की चकचकीत

मं. २६ सप्टें. २०१७, पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड
दुकानातून दोन टेनर युकुलेले, चार तारांच्या छोट्या गिटारीच म्हणा, आठवडाभर वापरून बघायला आणली. तांबडं महोगनीचं, कोरडं लाकूड, पॉलिशच नाही. मान बारीक, तारा मऊ. चकचकीत जड, मान रुंद, आवाज घरभर. एकच ठेवायचं. संधिवातानं आखडलेल्या माझ्या डाव्या बोटांना तांबडं झेपतं. आज अख्खं गाणं न थांबता वाजवलं. पहिल्यांदाच!

गु. २८
आमच्या नवरोजींनी, म्हणजे संजयनं, दोन्ही छेडून बघितली. "चकचकीत घे. तुझा हात जाणारच आहे, नंतर मला होईल." वर चहा मागितला. केला. दिवसभर फार्मसीत उभी राहून आले होते तरी केला. साखर घातली नाही.

श. ३०, दसरा
सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यामुळे पूजा साग्रसंगीत. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, दोन्ही युकुलेले. आईंनी ओलं कुंकू बोटावर घेतलं. कोरडं लाकूड ते पिणार, मला कळत होतं. "आई, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.
चकचकीतवरचं फडक्यानं निघालं. तांबड्यावरचं गेलं नाही. आता दुकान ते परत घेत नाही, म्हणजे ते माझं.
संजय आईंवर खेकसला, "लोकांची वस्तू आहे ती! अक्कल आहे का तुला?" पानावरच रडल्या. मी श्रीखंड वाढत होते. वाईट वाटायला हवं होतं. आनंद झाला.

सो. २ ऑक्टो.
संजय चकचकीत परत करायला गेला आणि विकत घेऊन आला. "मीपण शिकतो. स्वीट ॲज!" इथल्या लोकांचं 'झकास' हल्ली याच्या तोंडी.

श. १४
माझ्या पुढे गेलासुद्धा. मला न जमणारे कॉर्ड मुद्दाम माझ्यासमोर बसून वाजवतो. आई टाळीनं ताल धरतात. ज्यानं रडवलं त्याचंच कौतुक.
दुपारी ओट्याशी मला हळूच म्हणाल्या, "डाग पडणार हे तुला ठाऊक होतं. बघत होतीस तू." मी कोबी चिरत राहिले.

र. १५
बाहेर वारा, सगळे घरात. संजय म्हणे, "जड होतं गं हे मांडीवर. तुझंच बरं. बदलू या?"
आईंनी माझ्याकडे बघितलं. चांगला बराच वेळ.
"देईल ती," म्हणाल्या. "नाही का गं?"
तांबडं अजून माझ्याच मांडीवर आहे. संजय हात पुढे करून उभा आहे. दिलं नाही, तर आई त्याला डागाचं सांगतील.