हिरवा कोट आणि जायची खुंटी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, त्यामुळे सध्या सहाच अंगांनी, उरलेली दोन प्रत्यक्ष भेटीत). तुझा गुडघा काय म्हणतो? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज फाटकापर्यंत चालायला सांगितलंय आणि तू काठी टेकत खिडकीपर्यंत जाऊन परत येतेस, अशी बातमी तुझ्या शेजारणीकडून लागली आहे. बाहेर गारठा आहे ही सबब मला सांगू नकोस. आमच्याकडे सगळे बरे. तुझ्या जावयांनी, म्हणजे आमच्या यांनी, काल पाठवलेलं कपड्यांचं गाठोडं पोचलं असेल. सोडलं नसशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत सोडू नकोस. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी शाळकरी होते आणि भडाभडा खरं बोलून टाकते. पत्रात जरा वळसे घेता येतात.

तुझा नियम आमच्या घरात कायदा आहे, हे तुला ठाऊक आहेच. एक कपडा घरात यायचा, तर त्याच प्रकारचा एक आधी घराबाहेर गेला पाहिजे. हॉस्पिटलची कापडखोली उभा जन्म सांभाळलेल्या बाईने केलेला नियम, त्यात फट कुठून असणार? (मी शोधली. नाही.) आमच्या दाराजवळची पहिली खुंटी ही जायची खुंटी. तिच्यावर जे लटकेल ते तुझे जावई एका शब्दाने न विचारता बांधतात आणि तुझ्याकडे धाडतात, आणि तू ते गरजूंना असं नेमकं देतेस की मापाने शिवून घेतल्यासारखं बसतं. तुझी ही नजर मला यायची नाही. यंदा तर मी एक पाऊल पुढे टाकून वर्षभर नवीन काहीच घेणार नाही असं जाहीर केलं. जाहीर केलं तिथेच चुकलं. मनातल्या मनात ठेवलं असतं तर मोडताना आवाज झाला नसता.

कारण माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर कपड्यांचं दुकान आहे आणि त्याच्या काचेत होता एक हिरवा कोट. आत्या, कोट म्हणजे काय ते मला तिथे कळलं. गडद हिरवा, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली उतरणारा, आणि खांदे असे की घालणारा आपोआप ताठ उभा राहावा. आत लाल अस्तर. ते अस्तर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटायचं, पण कुठे ते काही केल्या आठवत नव्हतं. मागच्या हिवाळ्यापासून मी त्याच्याकडे बघत होते. नुसतं बघायला काय जातं, आणि माझा तर धंदाच बघण्याचा. नवा चष्मा दिला की मी गिऱ्हाइकाला दारात आणून लांबचं दिसतंय का ते तपासते. पूर्वी कोपऱ्यावरची पाटी वाचायला लावायचे. अलीकडे विचारायचे, समोरच्या कोटाला बटणं किती? सहा, असं उत्तर आलं की मला उगीचच बरं वाटायचं. (ज्यांनी फक्त वाचायचा चष्मा केला होता त्यांनाही दारात आणायचे. हे शास्त्राला धरून नाही, मान्य आहे.)

मग व्हायचं ते झालं. एक निवृत्त मुख्याध्यापिका चष्मा न्यायला आल्या. बटणं अचूक मोजली आणि म्हणाल्या, "कोट सुरेख आहे हो." आणि चालू लागल्या रस्ता ओलांडून. दिसत नव्हतं तोवर बाई निरुपद्रवी होत्या, नजर मीच दिली. मी दुकान उघडं टाकून धावले आणि त्यांच्या आधी पोचले. तिथल्या दुकानदारीणबाईंनी मला इतके दिवस काचेपलीकडून पाहिलं होतं. त्यांनी काही न विचारता कोट उतरवला. मी अंगात घातला. आरशात जी बाई उभी होती, तिच्याशी मी आपणहून ओळख काढली असती. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली, कॉलर नीट केली आणि तो मलाच शोभतो असा निकाल दिला. फार मोठ्या मनाची बाई. त्यांच्या चष्म्याची दांडी निखळली तर मी फुकट बसवून देणार आहे.

आता नियमाप्रमाणे माझा जुना करडा कोट जायच्या खुंटीवर आधीच जायला हवा होता. पण तो आपल्या नेहमीच्या खुंटीवर असा केविलवाणा लटकला होता की माझा हात होईना. म्हणून नवा कोट मी घटकाभर, चहा टाकण्यापुरता, मोकळ्या खुंटीवर अडकवला. मोकळी होती ती कुठली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी कप घेऊन बाहेर आले तर खुंटी रिकामी. जावयांच्या ऑफिसचा ड्रायव्हर तुझ्या बाजूला निघालेला, त्याच्याबरोबर गाठोडं रवाना, आणि हे दारात डोळे पुसत उभे. म्हणाले, "नवाकोरा कोट देऊन टाकलास? मला वाटायचं, तू नुसतं बोलतेस." आत्या, लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. (मान आखडली ती तेव्हापासून.) दिवेलागणीपर्यंत बातमी सासूबाईंपर्यंत गेली आणि माझं कौतुक करायला त्यांचा फोन आला. असा फोन या घरात याआधी आलेला नाही.

असो. वस्तूत जीव गुंतवू नये, असं तू नेहमी सांगतेस आणि ते मला पूर्ण पटलेलं आहे. गुडघ्याला जप.

तुझी आज्ञाधारक भाची

ता. क. गाठोड्यात हिरवा कोट आहे. तो कुणालाही देऊ नकोस. उशीच्या अभ्र्यात घालून गुपचूप माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. थोर बाई म्हणून राहायला मला आवडतंय, पण कोटाशिवाय नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुझ्या शेजारणीने फोनवर फोटो पाठवला. तू फाटकाबाहेर उभी, अंगात हिरवा कोट, दोन्ही हात खिशात, काठीचा पत्ता नाही. ती लिहिते की आज तू कोपऱ्यापर्यंत जाऊन आलीस आणि वाटेत दोघांना थांबवून कोट दाखवलास. मी फोटो मोठा करून बटणं मोजली. सहाच्या सहा लावलेली. तो तुला माझ्यापेक्षा शोभतो. हे लिहिताना जिवावर येतंय, पण नजरेच्या बाबतीत मी खोटं बोलू शकत नाही. वरची ता. क. रद्द. कोट तुझा.

शेवटची ता. क. फोटो मोठा केला तेव्हा तुझ्यामागचं उघडं दारही दिसलं, आणि आत खुंटीवर तुझा हॉस्पिटलातला निळा कोट. त्याची एक बाजू उलटली आहे आणि अस्तर दिसतंय. लाल. तू कामावरून आलीस की मी त्याच्या आत शिरायचे आणि तू बाहेरून बटणं लावून घ्यायचीस, आठवतं? इतके दिवस त्या काचेत मी काय बघत होते ते आत्ता समजलं, आणि डोळे भरून आले. तर आता नियमाचं बघ. तुझ्या घरात एक कोट आला, एक बाहेर गेला पाहिजे. नियम तुझाच, त्यात फट नाही. निळा माझ्याकडे पाठव, घरच्या पत्त्यावर, उजळ माथ्याने. कोपरं विरली असतील तर विरू देत, खिशात खोकल्याच्या गोळ्या असतील तर त्याही राहू देत. माझा करडा कोट मी आत्ताच उठून जायच्या खुंटीवर टांगून आले.